मेणवलीच्या बातम्या पण छापा

संपादक साहेब, नमस्कार. मी वाईजवळच्या मेणवलीचा. पेपरात आमचं गाव येतं ते शूटिंग असलं की, नाहीतर नाना फडणवीसांच्या वाड्यावर फोटो फीचर असलं की. पण गावात माणसं पण राहतात हो. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लावतो तेव्हा वारा कृष्णेवरून येतो, पोरं हाताचा आडोसा करून बसतात, एक विझली की शेजारच्या पणतीवरून पेटवतात, असं तासभर चालतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ पण नसते.

मेणेश्वराजवळची घंटा १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली, पोर्तुगीजांच्या चर्चमधली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. पर्यटक येऊन तिच्यावर दगड आपटतात, खूप त्रास होतो बघून.

माझी विनंती एवढीच, आठवड्यातून एक छोटा कॉलम आसपासच्या गावांना द्या, म्हणजे हरिनाम सप्ताह, कुस्त्या, रक्तदान शिबिर, २ ऑक्टोबरची ग्रामसभा सगळं येईल. पुण्या-मुंबईला गेलेली आमची पोरं मोबाईलवर तुमचाच पेपर वाचतात, तारीख कळली तर सुट्टी टाकून येतील.

एक वाचक, मेणवली