पॅट्रिशिया रोझारिओ आणि आपले गळे

संपादक महोदय,

पाश्चात्त्य अभिजात गायनाला मराठी वृत्तपत्रांत क्वचितच जागा मिळते, म्हणून हे पत्र. या गायनातील नामवंत गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांचा जन्म 1960 सालचा, मुंबईचा. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये त्या शिकल्या. ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांना त्यांचा सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा सर्वांत उंच पट्टीचा, आवाज इतका भावला, की त्यांनी अनेक रचना खास त्यांच्यासाठी केल्या. टॅव्हनर यांच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ या ऑपेराची (संगीतनाट्याची) नायिका 1992 मध्ये पहिल्यांदा रोझारिओंनीच गायली. पुढे त्यांना ओबीई हा ब्रिटिश किताबही मिळाला.

मला मात्र त्यांचे शिकवणे अधिक मोलाचे वाटते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवत असतानाच पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांच्यासह त्या भारतात येऊन तरुणांना शिकवू लागल्या. माइकशिवाय वाद्यवृंदाच्या वर पोचणारा आवाज दमसास आणि घुमाऱ्याच्या दीर्घ मेहनतीतून घडतो. चूक तिथल्या तिथे सुधारणारे कोणी नसेल, तर कोवळा गळा कायमचा बिघडू शकतो.

मुंबई-गोव्यात चांगल्या गळ्यांची वाण नाही. चर्चच्या गायनवृंदांत ते दर रविवारी ऐकू येतात. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राने आणि गोव्याच्या कला अकादमीने अशा गाणाऱ्या मुलांसाठी वर्षभराचे वर्ग आणि शिष्यवृत्त्या सुरू ठेवाव्यात, आणि आपल्या दैनिकाने त्यांच्या मैफलींची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक संगीतप्रेमी वाचक, वांद्रे