‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका

महोदय,

माझा नातू तीन वर्षांचा झाला तरी ‘आई’ आणि ‘मम्’ यापुढे शब्द फुटत नव्हता. भाकरी हवी असली की माझा हात ओढत दुरडीपाशी न्यायचा. ‘बापही उशिराच बोलला’ म्हणत आम्ही वर्ष घालवलं, त्यात मीच पुढे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, म्हणून पोर गोंधळलंय, असंही ऐकलं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात हे सर्रास ऐकू येतं. सूनबाईने तर त्याच्याशी तेलुगू बोलणंच सोडलं होतं. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं अडत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

अंगणवाडीत आलेल्या तपासणी पथकाने विचारलं, ‘कान तपासलेत का?’ मोठ्याने हाक मारली की वळायचा, म्हणून शंकाच आली नव्हती. तपासल्यावर कळलं, कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. आता कानाचे उपचार आणि वाचाउपचार चालू आहेत. परवा भाकरीचा तुकडा हातात धरून मी मुद्दाम गप्प राहिले, तेव्हा म्हणाला, ‘आजी, दे.’

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी त्यातच होते. पण दिवसभर विड्या वळणाऱ्या बायांना पथक कधी येणार हेच कळत नाही. ती तारीख आठ दिवस आधी अंगणवाडीच्या दारावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावावी, ही विनंती.

– एक आजी, साखर पेठ, सोलापूर