सूचना : दृढीकरणाचा वर्ग या रविवारपासून

सर्व सभासदांना जय ख्रिस्त.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर लगेच, शाळेच्या मागच्या खोलीत वर्ग बसेल. दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या विधीची तयारी करणारी, मुलं-मुली तर येतीलच, पण मोठ्यांनीही यावं. मागच्या खेपेला मुलांनी विचारलेल्या प्रश्नांवर आम्ही वडीलमंडळीच एकमेकांची तोंडं बघत होतो!

सुरुवात प्रेषितांच्या विश्वासांगीकारापासून, म्हणजे ख्रिस्ती विश्वास थोडक्यात सांगणाऱ्या कबुलीपासून. दर रविवारी तो आपण घडाघडा म्हणतो. त्यात पंतय पिलाताचं नाव का, हा पहिला प्रश्न. पिलात साधारण इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा रोमी सुभेदार होता. म्हणजे येशूचं वधस्तंभावर मरण ही कुठल्याशा काळातली कथा नव्हे, तर ठरावीक जागी, ठरावीक अंमलात घडलेली गोष्ट, असं मंडळी (म्हणजे चर्च) त्या एका नावातून सांगते. तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानावर तर सगळा विश्वासच उभा आहे, त्याला पूर्ण एक रविवार ठेवला आहे.

मग त्याच विश्वासांगीकारातली ‘सार्वत्रिक मंडळी’. मंडळीसाठी नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेली माणसं. इमारत नव्हे. (छपराच्या वर्गणीची आठवण तरीही आहेच.) प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2, ओवी 42 वाचून या : शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. आपल्याकडे सहवास बहुधा चहाच्या कपापाशी संपतो, आजाऱ्याच्या घरापर्यंत पोचत नाही. त्यावर बोलू.

पवित्र शास्त्र आणि वही आणा. चहा आहे, कप घरून आणावा.

– चिटणीस