घनतेवर साठ हजारांची गोळी नको

महोदय,

सुदामानगरात माझं औषधांचं दुकान आहे. ड जीवनसत्त्वाने स्तनांची घनता कमी होते, असा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत आल्यापासून ‘साठ हजारवाली’, म्हणजे ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची गोळी, मागणाऱ्या बायका वाढल्या आहेत. बहुतेकींकडे डॉक्टरांची चिठ्ठी नसते.

परवा चाळिशीतली एक ताई मॅमोग्राफीचा (स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा) रिपोर्ट घेऊनच आली. घनता ‘सी’ असं इंग्रजीत लिहिलं होतं, त्याखाली तिने पेनाने दोनदा रेघ मारलेली. “काकू, ही कमी करायची गोळी द्या.” तपासणी केंद्रात तिला ‘गाठ नाही’ एवढंच सांगून वाटेला लावलं होतं.

घनता हा आजार नव्हे. स्तनात चरबीपेक्षा ग्रंथी आणि तंतूंचा भाग जास्त असला की त्याला घन म्हणतात. पाळी चालू असलेल्या बायकांत हे सर्रास आढळतं. हाताला ते कळत नाही, मॅमोग्राफीतच दिसतं. सर्वांत कमी घन ‘ए’ ते सर्वांत जास्त घन ‘डी’ अशा चार श्रेणी असतात. मात्र घन भाग फिल्मवर पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपू शकते. शिवाय घनता जास्त असेल तर कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो. म्हणून ‘सी’ किंवा ‘डी’ आली तर सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. त्या ताईला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

आहारात ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जास्त घेणाऱ्या, पाळी चालू असलेल्या बायकांची घनता कमी असते, असं कॅनडातल्या क्यूबेकच्या अभ्यासांत दिसलं होतं, हे खरं. पण पुढे तिथेच ४०५ जणींवर चाचणी झाली. कुणाला रोज १०००, कुणाला २०००, कुणाला ३००० युनिट, तर कुणाला औषध नसलेली गोळी, असं वर्षभर दिलं. २०१७ साली निकाल छापून आला: गोळीने घनता कमी झाली नाही. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचा जास्त धोका असलेल्या बायकांना आठवड्याला २०,००० युनिट वर्षभर देऊन पाहिलं, तिथेही तेच. आपल्या लेखात या चाचण्यांचा उल्लेखही नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

आपल्याकडे ड जीवनसत्त्व कमी असतं हे मी नाकारत नाही. इंदुरात ऊन भरपूर, पण स्कूटीवरची प्रत्येक मुलगी डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळून आणि सनकोट घालूनच निघते. रक्ततपासणीत कमी आलं तर हाडांसाठी जरूर घ्यावं, डॉक्टर सांगतील तितकंच. साठ हजारांची मात्रा बहुधा आठवड्याला एकदा आणि ठरावीक आठवडेच असते. मनाने महिनोन् महिने घेत राहिलं, किंवा रोजच घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेततं.

अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक बाईला तिची घनता सोप्या भाषेत लेखी कळवणं बंधनकारक आहे. आपल्या शहरातल्या केंद्रांनी रिपोर्टसोबत मराठी-हिंदीत चार ओळींचा कागद द्यावा, आणि आपण त्या चाचण्यांचे निकाल पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे छापावेत, ही विनंती.

आपली,
एक औषधविक्रेती, सुदामानगर, इंदूर