माद्रिदने नदीचे दरवाजे उघडले, आपण मात्र बॅरेज घालतोय

मा. संपादक, स.न.वि.वि.

पुण्यातल्या मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर नदीकाठ सुधार प्रकल्पात पाण्याची पातळी टिकवायला बॅरेज (म्हणजे दरवाजे असलेले बंधारे) घालणार हे वाचल्यापासून मला राहवत नाहीये, म्हणून लिहितेय.

मागच्या वर्षी मुलीकडे माद्रिदला तीन महिने राहून आले. घराजवळून मान्झानारेस नदी वाहते, रोज संध्याकाळी नातीला घेऊन तिथे जायचे. नदी म्हणजे आपल्या मुठेपेक्षाही बारकी. एकदा पुलावरून नात ओरडली, आजी ते बघ! खाली वाळूच्या बेटावर राखी बगळा उभा, हलायचं नाव नाही, आणि एकदम चोच मारून मासा उचलला. आजूबाजूला बोरू, वाळुंजाची झाडं, पाणकोंबडी पिल्लांना घेऊन चाललेली, आणि हे सगळं भर शहरात, काठाखालच्या बोगद्यातून हायवे जातोय!

मुलीने सांगितलं की हे सगळं २०१६ नंतरचं आहे. त्याआधी कितीतरी वर्षं दोन्ही बाजूंना भिंती आणि मधे मधे बंधारे घालून पाणी तुंबवून ठेवलं होतं, नदी भरलेली दिसावी म्हणून. दिसायला तळं, पण पाणी साचलेलं. मग तिथल्या एका पर्यावरण संघटनेने आराखडा दिला, पालिकेने मान्य केला आणि बंधाऱ्यांचे दरवाजे उघडले. बंधारे पाडलेसुद्धा नाहीत, फक्त पाणी वाहू दिलं. वाळू नदीनेच आणली, बेटं तिनेच केली, मग गवत आलं, झाडं आली, पक्षी आले. विरोधही झाला, रोइंगवाले नाराज झाले, काहींना ती झाडीच आवडली नाही, पण पाणी वाहतंच राहिलं.

आता कुणी म्हणेल तिकडचं वेगळं, आपल्या नदीला पावसाळा सोडून स्वतःचं पाणीच कुठे असतं. अहो, तिकडेही तेच आहे! वर एल पार्दोचं धरण आहे, जसं आपलं खडकवासला, आणि शहरातल्या नदीत शुद्ध केलेलं सांडपाणीही सोडतात. फरक एवढाच की ते आधी नीट शुद्ध करतात आणि मग अडवत नाहीत.

आपल्याकडे उन्हाळा आला की पुलाखाली जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, संध्याकाळी सहाला खिडक्या लावून घ्याव्या लागतात, डासांनी पोरं फोडून निघतात. हे पाणी थोडंफार तरी वाहतंय तेव्हाची ही अवस्था, बॅरेजमागे तेच मैलापाणी अडवलं तर काय होईल हे नदीकाठी राहणाऱ्या कुणालाही विचारा. आणि पूर? २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उद्या रात्री तीन वाजता वरून पाणी सोडलं तर बॅरेजची गेटं वेळेत उघडतील याची हमी कोण देणार?

माझा झाडं लावायला, काठ साफ करायला अजिबात विरोध नाही, उलट मी स्वतः येईन. पण जायकाच्या (जपानच्या सरकारी मदतसंस्थेच्या) कर्जातले मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालू होऊन नाल्यांतून स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत बॅरेजचं काम तेवढं बाजूला ठेवा, आणि त्यानंतरसुद्धा ते हवेत का हे काठावरच्या लोकांना विचारून ठरवा, ही पालिकेला तुमच्या पेपरमधून कळकळीची विनंती.

– एक वाचक, औंध, पुणे