आराखड्याच्या फायलीविषयी मित्रास पत्र

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बंड्या,

तुझं पत्र पोचलं. बीडला प्राचार्याच्या खुर्चीत बसलास आणि टेबलावर पहिलीच फाइल कॉलेजच्या विकास आराखड्याची, हे वाचून हसू आलं आणि कीवही आली. आमच्याकडे हा सोहळा नुकताच आटोपलाय, म्हणून जरा लांबण लावतो. कंटाळलास तर उरलेलं उद्या वाच.

प्रत्येक संस्थेने असा आराखडा करावा असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आलं, तेव्हापासून सगळीकडे धावपळ आहे. आमच्या सुरुवातीच्या बैठका ध्येयवाक्यातच गेल्या. ‘जागतिक दर्जा’ आधी की ‘सर्वांगीण विकास’ आधी, यावर मराठीच्या आणि कॉमर्सच्या सरांची जुंपली. पोहे मात्र बरे होते. विद्यार्थ्यांचा विषय निघाला की कुणीतरी समाधान सर्वेक्षणाचे तक्ते पुढे सरकवायचं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची ती प्रश्नावली तू पाहिलीच असशील. पहिलाच प्रश्न, वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला. पुढचेही बहुतेक शिकवण्याचे आणि मूल्यमापनाचेच. एसटी, मेस, मुलींचं स्वच्छतागृह यांचा त्यात पत्ता नाही. शिवाय ती भरतो कोण? जो येतो तो. ज्याने यायचं सोडलं, त्याचं मत कोण विचारणार?

म्हणून आम्ही काही जणांनी हजेरीपत्रकं काढली आणि ती महिन्यावार, तालुक्यावार लावून पाहिली. सगळ्या आराखड्यात कामाचं झालं ते एवढंच. पेठ-सुरगाण्याकडच्या पोरांची हजेरी दिवाळीनंतर धाडकन खाली येते. स्टाफरूममध्ये याचं उत्तर तयारच असतं, ‘यांना शिकायचंच नाही.’ पण ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत थिनिंगला, डिपिंगला, म्हणजे घड विरळ करायला आणि संजीवकात बुडवायला, माणसं लागतात. त्या डोंगरातली कुटुंबंच्या कुटुंबं कामाला खाली उतरतात, आणि शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अडकलेला पोरगाही रोजावर जातो. कधी बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं, कधी अर्ज आमच्याच कार्यालयात पडून असतो. या दुसऱ्या कारणाला कुठल्या धोरणाची गरज नाही रे, खिडकीवर एक माणूस बसवला की झालं. तो बसवायला मात्र अख्खी समिती लागली.

वेळापत्रकाचं त्रांगडं याहून अवघड. पेठ इथून पन्नासेक किलोमीटर, मध्ये सावळघाट. सकाळी आठचा तास तिकडून येणाऱ्या पोरीला जमणं शक्य नाही. तास दहाला न्यावा, तर सातपूर-अंबडच्या कंपन्यांत दुसऱ्या पाळीला जाणारी पोरं बोंबलतात, कारण त्यांना सकाळच हवी. दोघांचंही खरं. शेवटी पहिल्या वर्षाच्या मुख्य विषयांच्या दोन तुकड्या केल्या, एक सकाळची आणि एक दहाची. त्यासाठी ज्यादा तासिका तत्त्वावरचे शिक्षक लागले आणि त्यांच्या मानधनापायी नव्या प्रवेशद्वाराची कमान पुढे ढकलावी लागली. कमानीवर काहींचा फार जीव होता. माझ्या मते आराखडा म्हणावा असा निर्णय हा एकच झाला, कारण एक करण्यासाठी दुसरं सोडावं लागलं. बाकीच्या पानांवर ‘बळकटीकरण’ आणि ‘सक्षमीकरण’ आहे. ती पानं कुणाला नडत नाहीत, म्हणून एकमताने मंजूर होतात.

इथे गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ चं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद. विद्यार्थी रोज येऊ शकणार नाही हे धरूनच त्यांची मांडणी झाली, म्हणून अभ्यासकेंद्रं, म्हणून स्वतःच्या स्वतः वाचता येतील अशी पुस्तकं. आपण मात्र रोज येणारा, शहरात राहणारा, घरून पैसे मिळणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवतो आणि उरलेल्यांना ‘अनियमित’ म्हणतो.

तक्रार निवारण समितीचंही पाहून घे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांनी तिला अहवाल द्यायला कामाचे १५ दिवस दिलेत. आमच्याकडे समिती होती, फलक होता, तक्रारी मात्र नव्हत्या, आणि याचा सगळ्यांना अभिमान! अर्ज विभागप्रमुखांमार्फत द्यायचा म्हटल्यावर विभागप्रमुखांविरुद्ध कोण लिहील? आता तक्रारपेटी ग्रंथालयात आहे.

तू एक कर. प्रत्येक कलमापुढे माणसाचं नाव, तारीख आणि रक्कम लिहिल्याशिवाय सही करू नकोस. पदनाम चालणार नाही, नावच हवं. पदनामामागे लपणं आपल्या लोकांना चांगलं जमतं.

आणि ध्येयवाक्याच्या बैठकीआधी दसऱ्यानंतरची हजेरीपत्रकं मागव. तुझ्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं असणारच. आई-बाप कारखान्याच्या फडावर गेल्यावर धाकट्या भावंडांपाशी कोण राहतं, हे मुलींच्या हजेरीत आधी दिसेल असा माझा अंदाज आहे. काय निघतं ते कळव. अशा पोरांसाठी वसतिगृह वर्षभर उघडं ठेवायचा खर्च आम्ही कसा बसवला, तो कागद मी पुढच्या पत्रासोबत धाडतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा