तुझ्या लडी परत पाठवते आहे

फोंडा, गोवा
8 जुलै

प्रिय शैलू,

तुझं पार्सल मे महिन्यातच मिळालं. त्यानंतर तू फोनवर दोनदा विचारलंस, "विणायला घेतलंस का गं?" आणि दोन्ही वेळा मी पावसाचं काहीतरी बोलून विषय बदलला. तुझ्याशी असं वागले याची रुखरुख लागून राहिली आहे, म्हणून आज सगळं लिहूनच काढते.

लोकर सुंदर आहे. मोरपिशी रंगाच्या सहा लडी, हात लावला की सोडवत नाही. तुझ्या लेकाने ऑस्ट्रेलियाहून येताना मावशीची आठवण ठेवली, याचं मला फार बरं वाटलं. पण शैलू, मला त्या विणवणार नाहीत.

मेरिनो मेंढीच्या अंगावर जास्त लोकर यावी म्हणून कातडीला सुरकुत्या पडतील अशी पैदास करत आणली आहे. शेपटीखालच्या घड्यांत घाण अडकते, ओल राहते, तिथे माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीला पोखरतात. हे टाळायचं म्हणून कोकरू काही आठवड्यांचं असतानाच त्याला उताणं धरून शेपटीभोवतीची कातडी कात्रीने काढतात. जखम भरली की तिथे लोकर नसलेली गुळगुळीत कातडी येते. याला म्यूल्सिंग म्हणतात. कित्येक वर्षं हे वेदनाशामक न देताच चाललं, आता पुष्कळ ठिकाणी देतात. न्यूझीलंडने 2018 साली यावर बंदी घातली, ऑस्ट्रेलियात अजून चालू आहे. तिथले सगळेच असं करत नाहीत, काही जण कमी सुरकुत्यांच्या मेंढ्या वाढवतात. पण तुझ्या लडीवरच्या लेबलात त्याबद्दल एक अक्षर नाही, आणि ते कोकरू डोळ्यांसमोर आलं की माझ्या सुया पुढे सरकत नाहीत.

तू म्हणशील, मग आपल्या धनगराचं घोंगडं? ते आणि हे मी एका तागडीत घालणार नाही. दख्खनी मेंढीच्या कातडीला कोणी अशी कात्री लावत नाही. आजोबांचं घोंगडं माझ्याकडे अजून आहे, पावसाळा संपला की दर वर्षी ऊन दाखवते. तरी मी स्वतः नवी लोकर आता विकत घेत नाही. रेशमाचंही तसंच. कोषातला किडा पाकोळी होऊन बाहेर पडला तर अखंड धागा तुटतो, म्हणून त्याला आतच वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात मारतात. हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी पाकोळी बाहेर पडू देऊन मग सूत कातायची रीत बसवली, ते रेशीम मिळतं. पण मला त्याचीही गरज पडत नाही.

आधी मला वाटलं होतं, लोकर नको तर 'बेबी वुल' घेऊ. बाजारात त्या नावाने मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, म्हणजे प्लास्टिकच. दर धुण्याला त्याचे बारीक तंतू सुटतात, ते पाण्याबरोबर नदीत जातात आणि नदीतून समुद्रात. मोरजी-गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, त्यांच्या पाण्यात हे सोडून मी प्राण्यांसाठी विणते असं कुठल्या तोंडाने म्हणू? शेवटी सुती धाग्यावर आले. इथे क्रोशा काही नवा नाही, पोर्तुगीज काळापासून घराघरांत चालत आला आहे, त्यामुळे सुतासाठी फार हिंडावं लागत नाही.

म्हापशाकडच्या भटक्या प्राण्यांच्या एका निवारागृहात मी महिन्यातून एकदा जाते. पावसात तिथली फरशी वाळतच नाही. आईवेगळी पिल्लं एकमेकांवर चढून झोपतात, खालचं कायम ओलं. त्यांच्यासाठी जाड सुताच्या चौकोनी चटया विणते, जुने टी-शर्ट कापून त्यांच्या पट्ट्यांच्याही. पार्व्होच्या, म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांच्या, साथीत तिथे सगळे कपडे ब्लीचमध्ये घालावे लागतात. लोकर त्यात टिकणार नाही, सूत टिकतं. नाकावर पांढरा ठिपका असलेलं एक काळं पिल्लू चटईवर ठेवल्याबरोबर पंज्यांनी ती मळायला लागलं, आईला लुचताना करतात तसं, आणि मळता मळताच झोपलं.

पाखरांच्या बाबतीत मात्र माझा हात चुकला. गेल्या वर्षी वादळात पडलेलं बुलबुलाचं पिल्लू तिथे होतं, त्याच्यासाठी वाटीएवढं घरटं विणलं. सवयीने खांब, म्हणजे क्रोशाचे उंच टाके, घातले, मध्ये जाळी राहिली. दुसऱ्या दिवशी फोन आला, पिल्लाचं नख जाळीत अडकून पाय पिरगळला होता. धागा कापून सोडवलं, पण तो पाय सरळ झाला नाही. तेव्हापासून दुहेरी सूत, बारीक सुई आणि फक्त मुके खांब, म्हणजे आखूड दाट टाके, करंगळीचं टोकही आत जाता कामा नये. पक्ष्यांना घरट्यासाठी होतील म्हणून आपण धाग्याचे तुकडे झाडावर टाकायचो, आठवतं? तेही करू नकोस. पायाला गुंडाळले की पाय तुटतो.

आता वहिनीचं सांगते. मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं हे तुला माहीत आहे, डावा स्तन काढला. सिलिकॉनचा आणला तो जड, आणि आपल्या घामात त्याखाली पुरळ उठायचं. ती ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवायची. चवथीला सगळी आरतीला उभी होतो, टाळ वाजवता वाजवता तिचा हात सारखा पदराकडे जायचा. घडी वर सरकली होती. ती मध्येच आत निघून गेली.

अमेरिकेतल्या बार्बरा डेमॉरेस्ट यांनी 2011 साली अशा बायकांसाठी सुताचे स्तन विणून फुकट द्यायला सुरुवात केली, आता ते काम पुष्कळ देशांत पोचलंय. त्यांचा नमुना पाहून मी बसले. तीन वेळा उसवलं. भरायला आधी सावरीचा कापूस घेतला, पण धुतल्यावर गोळे झाले आणि आकार गेला, तेव्हा पॉलिस्टरचं भरण घातलं. तिथे मी माझा प्लास्टिकचा हट्ट सोडला, कारण घालणारी ती होती. वहिनी ते घेऊन खोलीत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "जड लागना गो." मग परसात जाऊन दोन्ही हात वर करून दोरीवर कपडे वाळत घातले. इतके दिवस ते काम ती दुसऱ्याला सांगायची.

तू एकदा पेंग्विनच्या स्वेटरांचं कात्रण पाठवलं होतंस. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियात फिलिप बेटाजवळ तेल सांडलं, 438 पेंग्विन माखले, आणि त्यांनी पिसं साफ करताना ते तेल गिळू नये म्हणून लोकांनी त्यांना स्वेटर विणले. त्यातले बहुतेक सगळे वाचले. ते स्वेटर लोकरीचेच होते. मी त्या विणणाऱ्यांना नावं ठेवणार नाही, जीव वाचवण्यासाठी हाताशी होतं ते त्यांनी घेतलं. पण माझ्या हाताशी सूत आहे.

म्हणून लडी परत पाठवते. तुझ्याकडे बेळगावात थंडी असते आणि लोकर तर कातरून झालेलीच आहे, तुझ्या आईंना शाल कर, त्यांच्या गुडघ्यांना ऊब मिळेल. फक्त लेकाला सांग, पुढच्या वेळी लेबल वाचून आण. त्याच पार्सलात चार गुंडे फिकट गव्हाळ सूत आणि अडीच नंबरची सुई ठेवली आहे. त्या सुताचे वहिनीला केले तसेच स्तन विण. सहा मुके खांब घालून गोल सुरू कर, पहिल्या सहा फेऱ्यांत दर फेरीला सहा-सहा वाढव, पुढचं फोनवर सांगते. टाके घट्ट घाल, तुझा हात मुळात सैल आहे. वहिनीच्या तपासणीच्या रांगेत तिला आणखी तिघी भेटल्या आहेत, त्यातली एक खूप बारीक आहे, तिच्यासाठी लहान मापाचा आधी कर.

तुझी,
मंदा